मॅपलचा हट्ट आणि हवेलीतला कोशिंब

सिल्वासा म्हटले की बागबगिचे आठवावेत, असे आम्हा गोमंतकीयांचे त्या गावाशी नाते नाही. आम्हाला आठवतो तो १९५४ चा पावसाळा. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, महाराष्ट्रातून गेलेले राजा वाकणकर, आणि हो, आपले बाबूजी सुधीर फडके. गोवा सुटायला आणखी सात वर्षे लागली. हवेली आधी सुटली. लहानपणी हे सारे इतक्यांदा ऐकले होते की सिल्वासाला झाडे असतील, घरे असतील, घरांपुढे कुंड्या असतील, असे कधी डोक्यातच आले नव्हते.

पण माझी थोरली बहीण तिथे राहते. मेहुण्यांची नोकरी पिपरियाच्या एका कारखान्यात होती, त्यामुळे ऐंशीच्या दशकात ही मंडळी तिकडे गेली आणि तिथलीच झाली. मेहुणे आता नाहीत. मुलगा कॅनडात. ताई एकटी, घराभोवती तीन-चार गुंठे जागा, आणि त्या जागेत तिला मॅपल लावायचे होते.

कारण उघड आहे. मागच्या एका ऑक्टोबरात ती मुलाकडे जाऊन आली. तिथली रस्तोरस्ती पेटलेली झाडे पाहिली, नातवाने तिच्या ओंजळीत लाल पाने भरून दिली. ती पाने तिने दासबोधाच्या पोथीत घालून आणली आहेत. परत आल्यावर तिने इंटरनेटवर शोधून एका दुकानातून साडेतीन हजार रुपयांचे जपानी मॅपलचे रोप मागवले. दुकानदाराचे म्हणणे होते की ते कुठल्याही हवेत येते. मार्गशीर्षात लावले. होळीपर्यंत पानांच्या कडा करपल्या, वैशाखात काटकी उरली. मी गेलो तेव्हा ती काटकी कुंडीत तशीच होती, आणि ताई दुसरे रोप मागवायच्या बेतात होती.

"अरे, पाणी कमी पडलं असणार माझ्याकडून," ती म्हणाली.

पाणी कमी पडले नव्हते. पण हे तिला पटवून द्यायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत जे वाचले, पाहिले, त्याचीच ही गोष्ट आहे.

मॅपल म्हणजे एक झाड नव्हे, हे आधी सांगायला हवे. त्याच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत. कॅनडाच्या झेंड्यावर १५ फेब्रुवारी १९६५ पासून जे पान आहे, ते तिथल्या थोराड मॅपलचे. त्यातल्या साखरी मॅपलच्या चाळीसेक लिटर रसातून लिटरभर पाक निघतो. बागेत शोभेसाठी लावतात तो बहुधा जपानी मॅपल. बुटका, नाजूक, हाताच्या पंजासारख्या पानांचा. जपानी भाषेत मॅपलला काएदे म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ बेडकाचा हात! आपण कमळाशिवाय हाताला उपमा देत नाही, आणि या लोकांना बेडूक सुचला. पण पान पाहिलेत तर उपमा पटते. हीच पाने रंगली की त्यांना मोमिजी म्हणायचे. रंगलेली पाने पाहायला रानात जायचे त्याला मोमिजीगारी, म्हणजे शब्दशः मोमिजीची शिकार.

भारतात मॅपल आहेत, पण हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. सह्याद्रीत नाहीत. (काश्मीरचा चिनार हा मॅपल नव्हे. पान तसेच दिसते म्हणून सिनेमावाल्यांनी घोळ घातला आहे.)

आता इतिहासाकडे येतो, कारण माझा किडा तो आहे.

जपान आणि गोवा यांची एकेकाळी जवळची ओळख होती हे आपण विसरलो आहोत. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानला पोचले. फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलात गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरला. पुढे पाऊणशे-ऐंशी वर्षे गोवा, मलाका, मकाव, नागासाकी अशी जहाजांची वाट चालू होती. जाताना रेशीम, येताना चांदी. जपानी घडीचे पडदे इतके आवडले की पोर्तुगीज भाषेत त्यांचा शब्दही तसाच शिरला, बियोंबो. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगिजांना हाकलले, तोवर ही ये-जा होती. म्हणजे शरद ऋतूत नागासाकीच्या टेकड्या लाल झालेल्या पाहून गोव्याला परतलेली शेकडो माणसे असणार.

त्यांच्यातल्या कुणाला वाटले नसेल, एक रोप न्यावे म्हणून?

वाटले असेलही. पण फिरंग्यांनी झाडे आणली ती हिशेबाने. ब्राझीलहून काजू आला, अननस आला, पपई, पेरू, मिरची, तंबाखू आली. पोटाला किंवा बाजाराला लागते ते आले. शोभेचे म्हणावे तर अमेरिकेतला पांढरा-पिवळा चाफा आला आणि चर्चच्या आवारापासून देवळाच्या प्राकारापर्यंत असा पसरला की आता तो परका आहे म्हटले तर लोक भांडायला उठतात. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात आपल्या पारिजातकाला त्याने दुःखी झाड म्हटले आहे, का, तर रात्री फुलते आणि सकाळी फुले टाकते. इतक्या बारकाईने झाडे पाहणारा माणूस होता. पण पानाच्या रंगासाठी झाड लावावे, ही कल्पनाच तेव्हाच्या युरोपात फारशी रुजलेली नव्हती.

जपानात मात्र ती पुरती रुजली होती. एदो शहरात इतो इहेई नावाचा रोपवाटिकावाला होता; त्याने १७१० मध्ये मॅपलचे छत्तीस प्रकार नावानिशी नोंदवले. हे सगळे प्रकार टिकवायचे तर बी पेरून चालत नाही, कलमच करावे लागते. आणि कलम म्हटले की आपण गोवेकर कान टवकारतो. ज्या काळात तिकडे ते पानासाठी कलमे बांधत होते, त्या काळात इकडे आंब्यासाठी बांधली जात होती. हापूस म्हणजे अफोंस, मुसराद, फर्नांदीन, मानकुराद. मानकुरादचे मूळ नाव मालकोराद, म्हणजे ज्याला धड रंग चढत नाही तो. तिकडे रंगासाठी छत्तीस नावे, इकडे जगातल्या सर्वोत्तम आंब्याला नाव काय, तर बेरंगी. (सर्वोत्तम हे माझे मत. रत्नागिरीकरांनी पत्रे पाठवू नयेत.)

युरोपला हा मॅपल कळला तो कार्ल पीटर थुनबर्गमुळे. हा लिनियसचा शिष्य. डच कंपनीचा डॉक्टर म्हणून तो १७७५ मध्ये नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर उतरला. बेट कसले, गलबतांच्या धक्क्याएवढी जागा; मुळात पोर्तुगीज व्यापाऱ्यांना कोंडण्यासाठी बांधलेली, पुढे डचांच्या वाट्याला आलेली. परक्यांना बाहेर फिरायला बंदी. मग थुनबर्ग काय करी, तर बेटावरच्या जनावरांसाठी जो चारा येई तो उलगडून त्यातून झाडपाला वेचून काढी! पुढे डच वकिलातीबरोबर एदोपर्यंत जायची संधी मिळाली तेव्हा वाटेत जमेल ते गोळा केले. १७८४ मध्ये त्याने या झाडाला शास्त्रीय नाव दिले, आसेर पाल्माटुम. पाल्माटुम म्हणजे पंजासारखे. बेडूक गेला, हात राहिला.

१७८४ हे साल वाचले आणि मी थबकलो. कारण त्याच सुमाराला सिल्वासाच्या भोवतालची झाडे कुणाची, याचा निकाल लागत होता. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचे सांताना हे जहाज पकडले होते. त्याची भरपाई आणि दोस्ती, अशा दोन्ही कारणांनी १७ डिसेंबर १७७९ च्या तहात पुणे दरबाराने पोर्तुगिजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे द्यायचे कबूल केले. १० जून १७८३ ला नगर हवेलीची बहात्तर गावे त्यांच्याकडे गेली, १७८५ मध्ये दादरा. पेशव्यांनी दिला तो महसूल, मालकी नव्हे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात तहाचा हाच अर्थ लावला. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांची सत्ता मानली होती, हेही सांगितले.

वसूल म्हणजे शेतसारा, असे पेशव्यांच्या कारकुनांना वाटले असेल. पण हवेलीत खरा पैसा उभा होता तो रानात. सागाच्या रूपाने.

दमणगंगेच्या मुखाशी पोर्तुगिजांचे दमण होते आणि दमणला जहाजांची गोदी होती. हवेलीचा साग दमणच्या गोदीत जायचा. या सागातून जे बांधले गेले त्यातले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'दों फेर्नांदु दुसरा इ ग्लोरिया' हे लढाऊ जहाज. १८४३ मध्ये ते दमणला पाण्यात उतरले. शिडांवर चालणारे पोर्तुगीज आरमाराचे हे शेवटचे लढाऊ जहाज. अंगोला, मोझांबिक, गोवा अशा फेऱ्या करून १८७८ मध्ये ते थांबले. पुढे लिस्बनला नदीत नांगरून पडले, १९६३ मध्ये आग लागून अर्धे जळाले, चिखलात रुतून राहिले. नव्वदच्या दशकात पोर्तुगालने ते वर काढले, दुरुस्त केले आणि १९९८ च्या जागतिक प्रदर्शनात मांडले. आज ते लिस्बनसमोर, नदीपलीकडे, संग्रहालय म्हणून उभे आहे.

ताईला मी हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तीस-पस्तीस वर्षे ती या गावात आहे. आपल्या गावच्या सागाचे जहाज लिस्बनला जाऊन बसले आहे, हे तिला ठाऊक नव्हते. मला तरी कुठे होते!

१८८५ मध्ये सिल्वासाला शहराचा दर्जा मिळाला आणि त्याचे नाव 'पासु द आर्कुश' ठेवले गेले. पोर्तुगीज भाषेत सिल्व्हा म्हणजे रान, म्हणून सिल्वासा, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मला ती ओढूनताणून आणलेली वाटते. तिथली माणसे सेलवास म्हणतात.

मुक्तीनंतर वरिष्ठ पंचायतीने १९६१ पर्यंत कारभार पाहिला, त्या वर्षी प्रदेश भारतात रीतसर सामील झाला, आणि जानेवारी २०२० मध्ये दमण-दीवशी जोडला गेला. या मधल्या काळात कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर शोभेची झाडे आली. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष, ऑस्ट्रेलियन बाभूळ, मेक्सिकोकडचे गिरिपुष्प. हल्ली बाटलीच्या आकाराचे पामही दिसतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे. दादराला वनगंगा तलावाची बाग आहे, तिथे जपानी धाटणीचे लाकडी पूल आहेत. पूल जपानी, पण भोवती मॅपल नाही. बाग करणाऱ्यांनी तेवढे शहाणपण दाखवले. पिपरियाच्या बागेचे नाव हिरवा वन. नाव ऐकून आपल्याला रंग आठवतो, पण हिरवा हा वारल्यांच्या देवांपैकी एक देव आहे.

मॅपल इथे का जगत नाही? त्याला झोप लागते, हे कारण. थंडीत पाने टाकून, काही आठवडे गारठ्यात निजून, मग वसंतात तो उठतो. सिल्वासाच्या हिवाळ्यातली रात्र फार तर पंधरा अंशांच्या आसपास जाते. त्याला ती संध्याकाळ वाटत असणार. झोप न झालेले झाड मग मे महिन्यातल्या चाळिशीला तोंड देते. मुळे उथळ, ती तापतात. पुढे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी कोसळते, त्यात तीच मुळे कुजतात. तेव्हा ताईचे पाणी कमी पडले की जास्त, हा प्रश्नच नव्हता.

ज्यांची मुले परदेशात आहेत आणि ज्यांच्या परसात खरोखरच मॅपल येऊ शकतो, त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. जाळीदार, बारीक चिरलेल्या पानांचा प्रकार दिसायला देखणा, पण ऊन आणि वारा पहिल्यांदा त्यालाच लागतो. भाताचे पीठ पहिल्यांदा जमते का ते पाहावे तसा साधा पंजापानी मॅपल आधी लावावा. लालच हवा तर 'ब्लडगुड' नावाचा जुना, खात्रीचा प्रकार आहे. हिवाळ्यातही शोभा हवी तर 'सांगो काकु', त्याच्या फांद्या पोवळ्यासारख्या दिसतात. सकाळचे ऊन, दुपारची सावली. पाण्याचा निचरा होणारी, किंचित आंबट माती. खड्डा खोल नको, रुंद हवा. बुंधा मातीत गाडायचा नाही. कलमाच्या सांध्याखालून फूट आली तर लगेच काढायची, नाहीतर खालचा रानटी वरच्या पाहुण्याला खाऊन टाकतो. आंब्याची कलमे ज्यांनी केली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता ताईचे काय करायचे? दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा करून खानवेलच्या रस्त्याने निघालो. फाल्गुन संपत आला होता. सागाने पाने टाकलेली, ऐन उघडा, पळसाचा बहर ओसरत आलेला. आणि एका वळणावर ताईने रिक्षावाल्याला थांबवले.

रस्त्यापासून थोडे आत एक मोठे झाड उभे होते. सगळेच्या सगळे लाल. फुले नव्हेत, पाने. कोवळी, तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि मागून ऊन आले की पेटलेली.

"अरे, हे मॅपल?"

रिक्षावाला हसला. त्याने जे नाव सांगितले ते मला नीट कळले नाही, पण झाड कळले. कोशिंब. कुणी कुसुम म्हणतात.

आणि इथे मला एक गंमत सांगता आली. जुन्या वनस्पतिशास्त्रात मॅपलचे कुळ वेगळे मानत. गेल्या पंचवीसेक वर्षांत, जनुकांचा अभ्यास झाल्यावर, मॅपलला रिठ्याच्या कुळात घातले गेले. म्हणजे मॅपल हा रिठ्याचा भाऊबंद, लिचीचा भाऊबंद. आणि कोशिंबही त्याच कुळातला! आपल्या आज्या ज्या रिठ्याने रेशमी लुगडी धूत, त्याच घरातली ही दोघे. लाल रंग देणारी रंगद्रव्येही दोघांत एकाच जातीची. फरक इतकाच की मॅपल पान गळायच्या आधी लाल होतो आणि कोशिंब पान फुटताना. कोवळ्या पानाला उन्हापासून जपायला हा रंग उपयोगी पडतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. दोन-तीन आठवड्यांत लाल जाऊन पोपटी होतो आणि मग साधा हिरवा.

कोशिंब कधी कुणाच्या शोभेच्या यादीत नव्हता. त्याची किंमत वेगळीच होती. लाकूड वजनदार आणि चिवट, म्हणून तेलाच्या घाण्यांना, मुसळांना, गाडीच्या आसांना. यावर पोसलेली कुसमी लाख सर्वांत चांगली मानतात. बियांच्या तेलाला मॅकासर तेल असेही नाव आहे. एकोणिसाव्या शतकात साहेब लोक या नावाचे तेल केसांना चोपडत आणि खुर्च्यांच्या पाठी तेलकट करत. त्या वाचवण्यासाठी मडमांनी पाठीवर कापड टाकायला सुरुवात केली. गोव्यातल्या जुन्या घरांत सोफ्याच्या पाठीवर जे क्रोशाचे रुमाल अजून दिसतात, त्यांचा उगम हा. माझ्या आजीने असे बारा विणले होते. तिच्या घरात कुणी मॅकासर तेल लावीत नव्हते.

नाशिकच्या बाजूला कोशिंबे नावाचे गाव आहे. गावाला नाव देण्याइतके हे झाड लोकांना परिचित होते. आपल्याला ते अनोळखी झाले, कारण ते रोपवाटिकेत विकायला नसते.

ताईने लगेच विचारले, "मग हे लावू या?"

तेव्हा मला खरे सांगावे लागले. कोशिंब हळू वाढतो. थोराड होतो, घराला चिकटून लावायचे झाड नव्हे, पंचवीस-तीस फूट तरी दूर हवे. तिच्या जागेत फाटकाजवळचा एकच कोपरा तसा आहे. घराजवळ काही हवे असेल तर तामण लावावा, तो आटोपशीर राहतो आणि उन्हाळ्यात जांभळा होतो. आणि पानांचा रंग लगेच पाहायचा तर आमच्या गोव्यातल्या प्रत्येक बल्कांवपुढे असतात ते क्रोटन आहेतच, त्यांना ना थंडी लागते ना माळी. मुचकुंदही सुचवून पाहिला. त्याच्या शास्त्रीय नावातच 'मॅपलसारख्या पानांचा' असा शब्द आहे, आणि फुलांना वास इतका की सुकल्यावरही जात नाही.

ताईने सगळे ऐकून घेतले. "तामण ठीक आहे," ती म्हणाली, "पण कोपऱ्यात हाच."

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर तिने वनखात्याच्या रोपवाटिकेतून रोप आणले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तेवढाच खोल खड्डा. निम्मे शेणखत, निम्मी तीच माती. भोवती शेळ्यांसाठी काट्यांचे कुंपण. बी मिळाले तर ताजेच पेरायचे असते, जुने झाले की उगवत नाही, हे तिने रोपवाटिकेतल्या माणसाकडून शिकून मला फोनवर शिकवले.

रोप आता कमरेएवढे झाले आहे. या चैत्रात त्याला पाच पाने फुटली. तिने त्यांचा फोटो नातवाला पाठवला, आणि त्याने उलट विचारले की आजी, तुझ्याकडे आत्ता फॉल चालू आहे का.

मेलेल्या मॅपलच्या कुंडीत तिने पुदिना लावला आहे.